खुंटीवरचा साचा

१

निवडणाऱ्या मावशीनं सकाळी वितळणीच्या खोलीचं दार ओढलं तेव्हा थोरला उंबऱ्यापाशीच पालथा पडलेला होता. एका हातात लोखंडी दांडा, आणि अंगभर थर्माकोलचे पांढरे दाणे. मावशीनं आधी ते दाणे झटकायला घेतले. आपण काय करतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. ते दाणे कधीच निघत नाहीत, कपड्याला चिकटतात ते चिकटतातच. मग तिनं त्याचा मोकळा हात हातात घेऊन पाहिला आणि ती ओरडली.

मी तिथं पोचले ती आठवडाभरानं. मी कारखाना निरीक्षक. माझ्या खात्याची आठवण लोकांना माणूस मेल्यावरच येते, आणि मग खुर्ची पुढं करून विचारतात, ‘बाई, अपघातच ना?’ या खेपेला तसं कुणी विचारलं नाही. अपघात नाही हे फौजदारांनी आधीच ठरवलं होतं, आणि मला ते खोडून काढता येईना.

खोली लहान, पत्र्याची. मध्ये यंत्र. वरून थर्माकोल टाकायचा, आतली पाती त्याचा भुगा करतात, तापलेला मळसूत्री दांडा तो भुगा वितळवत पुढं रेटतो, आणि तोंडातून मऊ, गरम दोर बाहेर पडतो. धूर जायला छतातून धुराडं. धुराड्याची झडप बाहेरच्या भिंतीवर, तिचा दांडा उजवीकडं फिरवला की बंद. दाराला कडीही बाहेरून. आत माणूस आणि बाहेर कडी, हे पाहिल्यावर माझं डोकं फिरलं.

“वाऱ्यानं दार उघडतं आणि भुगा गल्लीभर उडतो,” फौजदार म्हणाले. “शेजारी बोंब मारतात. म्हणून कडी.”

दाराच्या आतल्या बाजूला पत्र्यावर कमरेच्या उंचीला पोचे पडले होते. एकात एक, घाईघाईनं मारलेले. थोरल्यानं दांड्यानं दार ठोकलं होतं. शेवटचे पोचे खाली, गुडघ्याच्या उंचीला होते. मी तिथं फार वेळ पाहिलं नाही.

“संध्याकाळी कुणीतरी कडी लावली, झडप बंद केली,” फौजदार म्हणाले. “सकाळी दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणजे त्यानंच पहाटे येऊन कडी काढली. धाकट्या भावाशी त्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं होतं. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. धाकटा आमच्याकडं आहे, आणि नाही म्हणत नाही.”

“हो म्हणतो?”

“तेही म्हणत नाही. ते काढून घेण्यापुरतीच तुमची गरज आहे.”

मी बाहेर आले तर दारात एक बाई उभी होती. साठीची, डोळे कोरडे ठणठणीत. त्या दोघांची आई.

“तुम्ही सरकारी ना? मला यंत्राचं काही सांगू नका,” ती म्हणाली. “थोरला मी पोचवून आले. एवढंच शोधा, धाकट्यानं केलं का? केलं असेल तर त्याला डबा नेऊन देणं मी बंद करते. नसेल केलं तर माझ्या घरातला दुसरा मुलगा तरी माझा मला द्या.”

मी तिला विचारलं की त्या दिवशी घरात कोण काय करत होतं.

“धाकटा संध्याकाळनंतर घरीच होता, रात्रभर तळमळत. आणि हे,” तिनं आत बसलेल्या नवऱ्याकडं बोट केलं, “रोजच्यासारखे पहाटे कारखान्यावर जाऊन आले, आणि तेव्हापासून बोललेच नाहीत.”

मी आत जाऊन त्यांच्या समोर बसले आणि मोठ्यानं विचारलं, “आप्पा, त्या पहाटे तुम्ही कारखान्यात गेला होतात?”

“नाही,” आप्पा म्हणाले. “मला बरं नव्हतं.”

२

नवराबायकोतलं एक जण खोटं बोलत होतं, आणि ती बाई नव्हती.

आप्पांनी कारखाना उभा केला होता तो हातगाडीवरून. टीव्हीच्या, माशांच्या, फळांच्या टाकून दिलेल्या थर्माकोलच्या पेट्या गोळा करायचे. आयुष्यभर यंत्राच्या आवाजात आणि धुरात राहून कान गेले होते, नाकही गेलं होतं. “दोन्ही कारखान्याला दिले,” ते म्हणाले. ओरडून बोललं तर ऐकू येई, आणि न ऐकायचं असेल तर ओरडलं तरी येत नसे.

कामाबद्दल मात्र ते सुरळीत बोलले. थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. ट्रकभर भरा, वजन दोन माणसांचं. हवा विकत कोण घेणार? म्हणून आधी ती काढायची. गार दाबयंत्रात चेपून काढा, नाहीतर वितळवून काढा, नाहीतर एखाद्या तेलात विरघळवून काढा. आप्पांचा भरवसा वितळवण्यावर. यंत्राच्या तोंडातून निघालेला दोर साच्यात नागमोडी घालत जायचा, थरावर थर. गार झाला की झाली लादी. त्याच लादीचे पुढं चमचे होतात, तसबिरींच्या चौकटी होतात.

“साचे किती?”

“एकच. दोन ठेवले की माणूस आळशी होतो. आधीची लादी गार न करता पुढची ओततो, ती आतून पोकळ निघते. जुना एक होता, पोचे पडलेला, तो मागंच कुणीतरी नेला.”

“आणि संध्याकाळी कडी कोण लावतं?”

आप्पांची मान खाली गेली. “मी. आता तेवढंच काम उरलंय माझ्याकडं.”

“आत कुणी आहे का बघता?”

“बघायचं काय त्यात? काम संपलं की लादी काढायची, साचा धुवायचा आणि बाहेर दाराशेजारच्या खुंटीला टांगायचा. यंत्र सुरू असेल तर साचा त्याच्या तोंडाखाली असणार, खुंटीवर कसा असेल? साचा खुंटीवर दिसला की कडी लावायची, झडप फिरवायची, म्हणजे यंत्राची ऊब सकाळपर्यंत टिकते. इतकी वर्षं असंच चाललंय.”

ज्याला ऐकू येत नाही, ज्याला वास येत नाही, त्यानं डोळ्यांपुरतं एक चिन्ह करून ठेवलं होतं. पद्धत वाईट नव्हती. कडी वाईट होती.

“आणि त्या संध्याकाळी?”

आप्पांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा हात धरला. तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण एक गोष्ट मी वितळणीच्या खोलीत पाहिली होती आणि ती आत्ता कुठं डोक्यात शिरत होती. साचा आत होता. यंत्राच्या तोंडाखाली, अर्ध्या लादीनं भरलेला.

म्हणजे खुंटी रिकामी होती, आणि खुंटी रिकामी असताना आप्पांनी कडी लावली नसती. मग फौजदारांचंच खरं ठरत होतं.

३

धाकटा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. पंचविशीचा, आईसारखं कपाळ. डब्यातलं तसंच होतं.

“दादाशी भांडण कशावरून?”

“आमच्या भाऊजींवरून. ताईच्या नवऱ्यावरून.” तो भिंतीशी बोलावं तसं बोलला. “ते स्वतः दळून, गोणीचं तोंड शिवून माल पाठवतात. दादाला संशय आला की आत काहीतरी भलतंच असतं. मी म्हटलं, आप्पांना सांग आणि माल बंद कर. तो म्हणाला, आधी एक गोणी वितळवून बघतो, ताईच्या संसाराचा प्रश्न आहे. मी म्हटलं, तू जन्मभर बघतच बस. आणखी बरंच काही म्हटलं.”

“मग?”

“मग निघालो. माशांच्या पेट्या संपवून तो टीव्हीच्या पेट्या टाकत होता. मी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिलो.”

“तिथून वितळणीचं दार दिसतं?”

त्यानं डब्याचं झाकण लावून टाकलं.

“कडी तू लावलीस?”

“मीच लावली असं समजा.”

“मी समजत नसते, मला सांगावं लागतं. झडप कशी बंद केलीस?”

“खाली ओढली. दांडा खाली ओढला.”

जन्मभर त्या अंगणात वावरलेल्या मुलाला झडप कशी बंद होते हे माहीत नव्हतं, कारण ते काम त्यानं कधी केलंच नव्हतं. ते एकाच माणसाचं काम होतं. टपरीवरून त्याला कोण दिसलं असेल हे कळायला मला वेळ लागला नाही.

“तू आप्पांना पाहिलंस,” मी म्हटलं. “रोजच्यासारखे फेरीवर आले, कडी लावली, झडप फिरवली आणि गेले.”

त्यानं तोंड झाकून घेतलं. “मला वाटलं दादा वर त्याच्या खोलीत गेला असेल. तो तिथंच राहायचा. बाई, आप्पांचं वय झालंय. आत बघायचं विसरले असतील. आपण आपल्या हातानं पोराला कोंडलं हे त्यांना कळलं तर ते उद्या नसतील. मी तरुण आहे, मी काढीन तुरुंगात. पण आप्पांना कळू देऊ नका.”

“आप्पा साचा बघितल्याशिवाय कडी लावत नाहीत.”

“साचा तर आत होता ना. म्हणूनच म्हणतो, विसरले असतील.”

रोज एकच काम उरलेला माणूस ते काम विसरतो का? मला पटेना. फौजदारांनी बाहेर विचारलं, कबूल झाला का. मी म्हटलं, झाला, पण भलत्याच गुन्ह्याला.

४

मावशी माल निवडण्याच्या छपरात बसली होती. समोर ढीग, हातात सुरी. चिकटपट्टी, लेबल, खिळे काढायचे, माशांच्या पेट्या वेगळ्या घालून धुवायच्या. तिच्या नजरेखालून न जाता यंत्रात काही जात नसे. “फक्त जावईबापूंच्या गोण्या सोडून,” ती म्हणाली. “त्या दळूनच येतात. हात घातला तर वर पांढरं. खालचं मला कोण बघू देतंय?”

“थोरला त्या गोणीबद्दल कुणाशी बोलला होता?”

“खुद्द त्यांच्याशीच. दुपारी माझ्या देखत म्हणाला, ‘आज तुमची एक गोणी वितळवून बघतो, भाऊजी.’ ते हसले. म्हणाले, ‘बघा की.’”

मी फौजदारांकडून साचा मागून घेतला. त्यांच्या माणसांनी तो कचरा समजून कोपऱ्यात लोटला होता. लादी ठोकून काढली आणि मावशीनं आणून दिलेल्या करवतीनं मधोमध कापली. भुगा पुन्हा अंगभर चिकटला.

लादीच्या पोटात सगळी संध्याकाळ पडलेली होती, खालून वर. तळाशी पिवळसर थर, त्याला अजून माशांचा वास. त्यावर स्वच्छ पांढरे थर, टीव्हीच्या पेट्यांचे. इथवर धाकटा खरं बोलत होता. आणि सगळ्यात वर, तो गेल्यानंतरचे, करडे थर. शेवटचा तर कडेला काळा पडलेला.

करडा थर्माकोल मी ओळखते. इमारतींच्या भिंतींत उष्णता अडवायला जे तक्ते घालतात त्यांचा. आगीनं पेट घेऊ नये म्हणून त्यात औषध असतं, आणि जुन्या इमारतींतलं ते औषध इतकं वाईट की तो माल वितळवायला बंदी आहे. तो खास भट्टीतच जाळायचा. इमारतवाल्यांकडून भट्टीच्या खर्चाचे पैसे घ्यायचे आणि माल गुपचूप सासऱ्याच्या लादीत घालायचा, असा तो उद्योग होता. त्याच लादीचे उद्या चमचे होणार होते.

थोरल्याला हवा होता तो पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं थरावर थर रचला होता. त्याच धुरात तो मेला.

“मावशी, त्या सकाळी तुम्ही ओरडलात. मग कोण आलं?”

“सगळेच. समोरच्या गोदामातून जावईबापूही आले. सगळे आत धावले.” तिनं हातातला खिळा बाजूला टाकला. “ते मात्र आधी बाहेरच उभे राहिले. भिंतीकडं बघत. मग खाली वाकून पाहिलं, काही पडलंय का असं.”

“कुठल्या भिंतीकडं?”

मावशीनं सुरीनं दाखवलं. तिथं खुंटी होती, आणि खुंटीवर काही नव्हतं.

५

आता गणित साधं होतं. आप्पा साचा दिसल्याशिवाय कडी लावत नाहीत, आणि कडी त्यांनी लावली. म्हणजे खुंटीवर साचा होता. पण त्यांचा साचा आत होता. म्हणजे तो दुसरा साचा. आप्पांची पद्धत ज्याला माहीत आहे अशा कुणीतरी, थोरला आत यंत्राच्या आवाजात असताना, तो बाहेर टांगला. त्याला कडीला हात लावायचीही गरज पडली नाही. सासरा रोजच्या वेळेला आला आणि त्यानं जावयाचं काम करून टाकलं.

मी समोरच्या गोदामात गेले. आत पाऊल टाकताच संत्र्याच्या सालीचा वास नाकात घुसला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. जावई विरघळवण्याचं काम करत होता. पिंपात सालीचं तेल, त्यात थर्माकोलचे तुकडे टाकले की फसफसून बसतात, हवा निघून जाते आणि उरतो दाट पाक. तो पाक सुकायला पत्र्याच्या उथळ साच्यांत ओतून फळीवर ओळीनं मांडलेला होता. वर साय धरली की कोरडा दिसतो, आतून महिनाभर ओला राहतो.

“बसा मॅडम.” माणूस देखणा, बोलणं लोण्यासारखं. “दादांचं फार वाईट झालं. आमच्या घरात तर चूल पेटली नाही.”

“त्या संध्याकाळी तुम्ही पलीकडं गेला होतात?”

“छे. पिंप सोडून हलता येत नाही.”

मी करड्या लादीचा तुकडा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो उचलला नाही.

“हे आमचं नाही,” तो म्हणाला. “दादांनी कुठलं तरी जुनं टाकलं असेल. सिद्ध कसं करणार, नाही का? वितळलं की सगळं सारखंच.”

“सकाळी तुम्ही खुंटीकडं का बघत होतात?”

त्याचा हात पिंपाच्या काठावर थांबला. क्षणभरच. “धक्का बसला होता मॅडम. माणूस कुठंही बघतो.”

मी उठले. मला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. पण न्यायालयात माझं माहीत असणं कोण विचारतं? लादी फार तर मालाची लबाडी सांगत होती. खून सांगणारी वस्तू एकच, तो दुसरा साचा. आणि त्याच्या त्या थांबलेल्या हातावरून मला एवढं कळलं की साचा त्याच्याकडंही नव्हता. सकाळी तो परत न्यायला आला, तर खुंटी रिकामी. तेव्हापासून तोही शोधत होता.

मग नेला कुणी? त्या आधी तिथं येऊन गेलेला माणूस एकच. ज्यानं पहाटे कडी काढली तो.

६

आप्पांच्या घरी मी पोचले तेव्हा आई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरल्याच्या कपड्यांच्या. मुलगी आतल्या खोलीत पडून होती. भावाचं कळल्यापासून ती माहेरीच होती.

मी आप्पांच्या कानाशी वाकले. “आप्पा, साचा द्या.”

त्यांनी कानामागं हात धरला.

“तुम्हाला ऐकू आलंय,” मी म्हटलं. “धाकटा तुमच्यासाठी तुरुंगात बसलाय. तुम्हाला कडी लावताना त्यानं पाहिलं. तुम्हाला ते कळू नये म्हणून तो सगळं अंगावर घेतोय.”

आप्पांचा हात हळूहळू खाली आला. आई घडी घालायची थांबली.

“माझ्यासाठी?” आप्पा म्हणाले. “मी तर त्याच्यासाठी गप्प होतो.”

ते उठले, पलंगाखालून पोत्यात गुंडाळलेली वस्तू ओढली आणि माझ्यापुढं ठेवली. पोचे पडलेला, जुना साचा.

“पहाटे कडी काढली,” ते म्हणाले. आवाज मोठा, बहिऱ्या माणसाचा असतो तसा. “थोरला दाराशी. हात लावला तर गार. यंत्राकडं पाहिलं तर साचा तोंडाखाली. बाहेर येऊन पाहिलं तर साचा खुंटीवर. दोन साचे. तेव्हा कळलं मला. कडी मी लावली, झडप मी फिरवली, पण मला फसवलं कुणीतरी. पोरगं दार ठोकत असेल, आणि मी चार पावलांवरून निघून आलो. मला ऐकूच आलं नाही.”

“आणि तुम्ही साचा लपवलात.”

“भांडण कुणाशी झालं होतं? मला ऐकू येत नाही, पण हातवारे दिसतात. मला वाटलं, धाकट्यानं भंगारातून हा उचलला आणि टांगला. एक गेला होता बाई. साचा फौजदारांना दिला असता तर दुसराही फासावर गेला असता. म्हटलं, साचाच नसेल तर म्हणतील म्हातारा विसरला.” ते खाली बसले. “आठवडा झाला, मी त्याला खुनी समजतोय. त्याची आई डबा न्यायची, आणि मी म्हणायचो मनात, कशाला नेते.”

मी साचा खिडकीशी नेला. तळ स्वच्छ पुसलेला, पण पुसणाऱ्याचं कोपऱ्यांकडं लक्ष गेलं नव्हतं. तिथं पिवळसर काचेसारखा थर साकळला होता. मी नखानं वरची साय फोडली. आत ओलं, चिकट होतं.

तो मी आप्पांच्या नाकाखाली धरला. त्यांनी जोरात श्वास घेतला, पुन्हा घेतला आणि मान हलवली. त्यांना काहीच आलं नाही. आपल्या मुलाला सोडवणारा वास ते आठवडाभर पलंगाखाली घेऊन झोपले होते.

आईनं साचा माझ्या हातातून घेतला. हुंगला.

“संत्रं,” ती म्हणाली.

मग तिनं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. दारात तिची मुलगी उभी होती. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक, पण पुरेसा वेळ.

७

जावयानं फार ताणलं नाही. साच्यातला पाक त्याच्याच पिंपातला निघाला, गोदामात शिवलेल्या गोण्यांच्या तळाशी करडा भुगा निघाला, आणि ज्या इमारतीचे तक्ते होते तिथल्या मुकादमानं त्याला ओळखलं. मग तो म्हणाला की दादांनी ऐकलं नाही म्हणून हे केलं. ‘मी फक्त साचा टांगला, कडी मी लावली नाही.’ हे वाक्य त्यानं फौजदारांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याला खरंच वाटत होतं की त्यामुळं काही फरक पडतो.

आप्पांनी पुरावा लपवला त्याबद्दल काय करायचं हे फौजदारांनी वरच्यांवर सोडलं. मी माझं काम केलं, कडी कापून घेतली आणि खोलीला सील ठोकलं.

धाकटा सुटला त्या दिवशी कागदांवर सह्या घ्यायला मी घरी होते. तो आला, चपला काढल्या, आप्पांसमोर उभा राहिला. मला वाटलं आता दोघं गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही.

“मला सांगायचंस ना,” आप्पा म्हणाले.

“तुम्ही तरी कुठं सांगितलंत?”

आप्पांनी सरकून बाकावर जागा केली. तो बसला. दोघंही समोरच्या भिंतीकडं बघत बसले.

आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि सुरुवात सापडत नव्हती.

“तुम्हाला शोधा म्हटलं तेव्हा मला वाटलं, घरात दोनच मुलं आहेत,” ती अखेर म्हणाली. “तिसरीची आठवणच झाली नाही. आठवण झाली असती तरी म्हटलंच असतं. पण एकदा मनात तरी यायला हवी होती.”

मी ओट्यावरचं पाण्याचं भांडं तिच्या हातात दिलं.

बाहेर आवाज झाला. मुलगी आतल्या खोलीतून पिशवी घेऊन आली होती. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. ती कुणाकडं न बघता दाराकडं निघाली. धाकटा उठून आडवा गेला.

“कुठं निघालीस?”

“कुठंही. इथं कुठल्या तोंडानं राहू? दादाला ज्यानं मारलं त्याच्या घरची मी.”

“तू आमच्या घरची आहेस.”

“उद्या तुला माझं तोंड बघवणार नाही.”

“आजच बघवत नाही,” धाकटा म्हणाला. “तू हसतेस ती दादासारखी. पण तिघं होतो ताई आपण. आता दोघं आहोत. तू गेलीस तर मी दादाबद्दल कुणाशी बोलू?”

ती तशीच उभी राहिली. त्यानं तिच्या हातातून पिशवी घेतली. तिनं ती लगेच सोडली नाही, मग सोडली. तो पिशवी आत ठेवून आला आणि आईला म्हणाला की भूक लागली आहे, ताईलाही वाढ.